आठवण पुसता येत नाही, तिचा काच कमी करता येतो

प्रश्न : माझं वय ४१. दोन वर्षांपूर्वी वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या रात्री त्यांचे मला तीन मिस्ड कॉल होते. दुसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा होती, म्हणून फोन सायलेंटवर ठेवून मी झोपले होते. तेव्हापासून जवळजवळ रोज पहाटे जाग येते, छातीत धडधडतं, नंतर डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल आहेत. मिस्टर म्हणतात, मन घट्ट कर. डॉक्टर म्हणाले, समुपदेशन घ्या. नणंदेने एका संमोहनतज्ज्ञाचं नाव आणलंय. ते म्हणतात, दोन बैठकांत ती आठवण पुसून टाकू. नुसतं बोलून खरंच काही होतं का? संमोहनात माझा माझ्यावर ताबा राहील का, की मी भलतंसलतं बोलून जाईन? आणि ती रात्र खरंच पुसता येईल का?

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचे पैसे आणि तुमची आशा दोन्ही तिथेच पणाला लागणार आहेत.

ती रात्र पुसता येत नाही. संमोहनाने नाही, समुपदेशनाने नाही, कशानेच नाही. संमोहनात काही माणसांना सूचनेमुळे थोडा वेळ एखादी गोष्ट आठवेनाशी होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण ठरलेली खूण केली की ती परत आठवते. म्हणजे आठवण कुठे गेलेलीच नसते, दाराआड उभी असते. दोन बैठकांत पुसून देतो असं जो सांगतो, त्याला एक तर हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो सांगत नाही. काहीही असलं तरी त्याच्याकडे जाऊ नका.

आणि पुसता येत असतं तरी मी ते सुचवलं नसतं. वडिलांनी त्या रात्री तीनदा तुमचा नंबर लावला. आज तुम्हाला त्या तीन कॉलमध्ये 'मी उचलला नाही' एवढंच ऐकू येतं. 'त्या वेळी त्यांना मी आठवले' हेही त्यात आहे. ते ऐकू यायला लागणं, हे तुमच्या उपचारातलं मोठं काम असेल.

मी गेली २६ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि त्यातली १८ वर्षं गरजेप्रमाणे संमोहनही वापरते. दोन्हींबद्दल लोकांच्या मनात इतकं काही बसलेलं असतं की जरा सविस्तरच लिहिते. उदाहरणं देईन त्यातले ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेले आहेत.

आधी शरीराचं उरकून घेऊ. ईसीजी आणि इको झालं, चांगलं झालं. पण थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं का? नसेल तर तपासा. पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. धडधड आणि पहाटेची जाग यांचं मूळ कधीकधी तिथे सापडतं, आणि मग माणूस महिनोन्महिने मनाला दोष देत बसलेला असतो. मी माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे रिपोर्ट आधी आणायला सांगते.

आता 'नुसतं बोलून काय होतं' हा प्रश्न. तो मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, बहुतेकदा पेशंटसोबत आलेल्या माणसाकडून. तुमच्या मिस्टरांना दोष देत नाही. त्यांना लहानपणापासून दुःखावर हाच एक उपाय माहीत असणार. पण मन घट्ट कर म्हटलं की बाईमाणूस काय करतं? तोंड घट्ट करतं. मन होतं तसंच राहतं.

बोलण्याच्या उपचाराची गोष्ट व्हिएन्नात सुरू होते, आणि ती सुरू होते वडिलांच्या आजारपणापासून. १८८० साली बेर्था पापेनहाइम नावाची २१ वर्षांची मुलगी आपल्या वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतः आजारी पडली. हात लुळा पडायचा, दृष्टीवर परिणाम व्हायचा, मधूनच तिला तिची मातृभाषा जर्मन बोलता यायची नाही, फक्त इंग्रजी यायची. १८८१ मध्ये वडील गेले आणि तिची अवस्था आणखी बिघडली. डॉक्टर योझेफ ब्रॉयर तिला संमोहित अवस्थेत बोलतं करत. मनात साठलेलं बोलून टाकलं की तिला तेवढ्यापुरतं हलकं वाटे. ती स्वतः याला 'बोलण्याचा उपचार' म्हणायची, आणि कधी 'धुराडं साफ करणं' म्हणायची. ज्यांनी चुलीच्या घरात दिवस काढलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काजळी धरलेल्या धुराड्याखाली कितीही चांगलं लाकूड घाला, धूर घरातच कोंडतो.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, दोन कारणांनी. एक, बोलणं आणि संमोहन हे दोन वेगळ्या दुकानांतले माल नाहीत, एकाच खोलीत एकाच वेळी दोन्ही वाढले. दुसरं, बेर्था काही झटक्यात बरी झाली नाही. पुढे तिला सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं. काही वर्षांनी ती उभी राहिली आणि १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची मोठी संघटना स्थापन केली. बरं व्हायला वेळ लागला, पण नंतर तिने जे आयुष्य उभं केलं त्याला तोड नाही.

बहिणीशी किंवा मैत्रिणीशी बोलणं आणि उपचारातलं बोलणं यांत फरक आहे. मैत्रीण तुमच्या बाजूने असते, म्हणून ती चटकन म्हणते, 'अगं, तुझी काय चूक?' वाक्य खरं असतं, पण ते तुमच्या आत उतरत नाही, कारण तुम्ही ते स्वतः तपासून घेतलेलं नसतं. समुपदेशक ते वाक्य देत नाही. तो तुमचं वाक्य तुमच्यासमोर ठेवतो आणि दोघं मिळून ते निरखून बघता.

कसं, ते दाखवते. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला होता. त्या दिवशी सकाळी त्याने विचारलं होतं, 'ताई, तुझी गाडी नेऊ का?' आणि त्या 'ने' म्हणाल्या होत्या. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणायलाच हवं होतं."

मी विचारलं, "त्या सकाळी तुम्हाला काय माहीत होतं?"

"काहीच नाही. रोज नेतो तशी नेत होता."

"मग हे 'म्हणायलाच हवं होतं' कधी आलं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या, ओढणीच्या टोकाला पीळ देत. मग म्हणाल्या, "संध्याकाळी. फोन आल्यावर."

मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि पेन त्यांच्याकडे दिलं. त्यांनी आधी 'च' खोडला. वाचून पाहिलं, समाधान होईना. मग खाली स्वतःच लिहिलं, 'मी नाही म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं.' आणि तेव्हा त्या पहिल्यांदा भावासाठी रडल्या. तोवर आठ महिने त्या स्वतःवरच्या खटल्यात उभ्या होत्या. रडायला सवड कुठे होती?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच आहे. माणसाला इच्छा असतात, त्यांच्या मागण्या झाल्या की त्रास सुरू होतो. प्रा. कि. मो. फडके यांनी ती पद्धत मराठीत रुजवली, म्हणून आपल्याकडे ती बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असते. इंग्रजीत ही मागणी दाखवायला वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. 'व्हायला हवं' आणि 'व्हायलाच हवं' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा, दुसऱ्यात जबडा आवळला जातो. तुमच्या प्रश्नात हा 'च' दिसत नाही. पण पहाटे जाग आल्यावर डोक्यात जे वाक्य फिरतं त्यात तो असणार, असा माझा अंदाज आहे.

फिलाडेल्फियात आरन बेक यांनी साठच्या दशकात याच दिशेने बोधात्मक वर्तन उपचार विकसित केला, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात. त्याच्या तपशिलात जात नाही. एक धागा मात्र महत्त्वाचा आहे, वर्तनाचा. उदास माणूस म्हणतो, मन लागत नाही म्हणून काही करवत नाही. काही करत नाही म्हणून मन लागत नाही, ही बाजू त्याला दिसत नाही. तेव्हा मन लागायची वाट न पाहता छोट्या छोट्या कामांपासून सुरुवात करायची.

हे किती साधं, आणि तरी किती परिणामकारक असू शकतं, याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठका. या बैठका घेणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आधी या क्षेत्राचा गंध नसलेली. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. आता मिस्टरांना सांगा, नुसतं बोलून काय होतं ते. आणि हेही सांगा की ते बोलणं नुसतं नव्हतं. त्यात दर आठवड्याला ठरवून काहीतरी करायचं होतं, आणि कोणीतरी पुढच्या आठवड्यात आपुलकीने विचारणार होतं की झालं का, नाही झालं तर कुठे अडलं.

संमोहनाकडे येते.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला धर्मगुरू, हात पसरलेले, आणि त्याच्यापुढे मागे रेललेली एक स्त्री. तुम्ही गोव्याला गेला असाल तर पाहिलाच असेल. ते आबे फारिया, कांदोळी गावात १७५६ साली जन्मलेले आपले गोमंतकीय. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ सालचा. शिल्प म्हणून तो अप्रतिम आहे, पण बघणाऱ्याला वाटतं की त्यांच्या हातांतून काहीतरी शक्ती निघून त्या बाईवर पडते आहे. फारियांनी आयुष्यभर सांगितलं ते नेमकं याच्या उलट. त्यांच्या आधी मेस्मर नावाच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह रुग्णात जातो. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या फारियांनी ठणकावून सांगितलं की असा कोणताही प्रवाह नाही, माझ्यात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेने आणि त्याच्या तयारीने घडतं. आज दोनशे वर्षांनंतर आम्ही पहिल्या बैठकीत पेशंटला जे समजावतो ते हेच आहे.

तुमच्या ताब्याच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. संमोहन म्हणजे झोप नाही, बेशुद्धी नाही, वश होणं तर नाहीच. घोटाळा नावापासून सुरू झाला. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने १८४३ मध्ये ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं. पुढे त्यालाच जाणवलं की ही झोप नाही, एकाच कल्पनेवर मन स्थिर होणं आहे. त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला, पण तोवर पहिलं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. आपल्या 'संमोहन' शब्दातही मोह आहे, म्हणून लोकांना गारुड आठवतं. प्रत्यक्षात तुम्ही ही अवस्था रोज अनुभवता. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ऐकू येत नाहीत इतक्या एखाद्या पुस्तकात रमता, ती हीच. त्या वेळी मुलगी पडून रडली तर तुम्ही तत्क्षणी उठता की नाही? संमोहनातही तसंच उठता येतं. नको ते बोलायला कोणी लावू शकत नाही. इतकंच काय, संमोहनात माणूस खोटंही बोलू शकतो, म्हणून पोटातलं सत्य काढून घ्यायचं यंत्र म्हणूनही त्याचा उपयोग नाही. गणपतीच्या मांडवात किंवा गॅदरिंगला जे खेळ होतात, त्यात खेळ करणारा आधी चटकन प्रतिसाद देणारी माणसं हेरतो, आणि ती स्वतःहून स्टेजवर आलेली असतात. मजा करायची त्यांची तयारी असते. दवाखान्यात त्यातलं काहीही नसतं.

खोलीत काय होतं ते सांगते. कराडकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते, पन्नाशीचे. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं. हृदय ठणठणीत असल्याचं कार्डिऑलॉजिस्टने लिहून दिलेलं. पण छातीत जरा धडधडलं की यांना घाम फुटायचा, आता संपलं असं वाटायचं, आणि मग मध्यरात्री घरच्यांनी गाडी काढायची. चार महिन्यांत पाचदा इमर्जन्सी झालेली. आम्ही आधी चार बैठका बोलण्यातच घालवल्या, भीतीचं चक्र कसं फिरतं ते त्यांनी स्वतः वहीत काढलं. डोक्याला पटलं होतं, पण रात्री छातीला पटत नव्हतं. तेव्हा संमोहन घ्यायचं ठरवलं.

पहिल्या वेळी मी चुकले. डोळे मिटवून मी त्यांना नदीच्या घाटावर नेलं, एक एक पायरी खाली उतरायला सांगितली. आमच्याकडे पुष्कळ जण ही प्रतिमा वापरतात. तिसऱ्या पायरीलाच त्यांचे खांदे आखडले. मी थांबले, डोळे उघडायला सांगितलं. लहानपणी त्यांचा चुलतभाऊ घाटावरूनच वाहून गेला होता. त्या दिवसापासून मी आधी विचारल्याशिवाय कोणालाही माझ्या मनातल्या जागी नेत नाही. मी विचारलं, तुम्हाला कुठे शांत वाटतं? ते म्हणाले, "उसाला दारं धरायला गेल्यावर. रात्रीची लाइट असली की बांधावर बसायचं. सरीतनं पाणी येत असतं, त्याचा आवाज ऐकत."

मग पुढच्या वेळी आम्ही बांधावर गेलो. खुर्चीत टेकून बसले, छतावरच्या पंख्याच्या मधल्या गोलावर नजर, श्वास सावकाश. पापण्या जड होत गेल्या तशा मिटू दिल्या. पायाच्या तळव्यांना ओल्या मातीचा गारवा, मानेवर रात्रीचं वारं, आणि एकेक सरी भरत जाणारं पाणी. ते सगळं त्यांचंच होतं, मी फक्त सावकाश मोठ्याने म्हणत होते. श्वास एकसारखा झाल्यावर मी एवढंच जोडलं, 'मोटर चालू झाली की पाइप आधी थडथडतो. मग पाणी येतं, आणि धार एकसारखी होते. थडथड म्हणजे मोटर चालू आहे.' हे वाक्य आम्ही आधीच्या बैठकीत मिळून तयार केलं होतं. पंधरा मिनिटांनी डोळे उघडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मला बाहेरची रिक्षा पण ऐकू येत होती. झोप काय लागली नाही. मग झालं का काय?" जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. झालं होतं. त्याच सूचना मी त्यांच्या मोबाइलवर १२ मिनिटांच्या रेकॉर्ड करून दिल्या, रोज झोपताना ऐकायला. पुढच्या तीन महिन्यांत एकदाही गाडी काढावी लागली नाही. धडधड बंद झाली असं नाही, अधूनमधून व्हायची. ते म्हणायचे, "पाइप थडथडला."

यात शब्द कोणत्या भाषेतले होते याला मी फार महत्त्व देते. फारियांबद्दल एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. जवळच बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' समोरची बडी माणसं म्हणजे भाजीपाला, बिनधास्त काप. आणि मुलाची जीभ सुटली. वडिलांचा आवाज, घरची बोली, चार शब्द. सूचना अशी असते. माझ्याकडे परदेशातून ऑनलाइन बोलणारी मराठी मुलंमुली आहेत. नोकरीतले ताण अस्खलित इंग्रजीत सांगतात, आईचा विषय निघाला की नकळत मराठीवर येतात. म्हणून समुपदेशक निवडताना जिच्याशी किंवा ज्याच्याशी तुम्ही घरच्यासारखं बोलू शकाल अशी व्यक्ती निवडा.

संमोहनाचा उपयोग कुठे होतो? वेदना, शस्त्रक्रियेआधीची आणि दातांच्या उपचारांची भीती, चिंता, झोप, आणि पोटाचा इरिटेबल बाउल सिंड्रोम. या शेवटच्यावर मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, आणि औषधांनी वर्षभरात गुण न आलेल्या रुग्णांसाठी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आज त्याचा उल्लेख आहे. भावनिक त्रासांत ते बोलण्याच्या उपचाराला जोड म्हणून सर्वांत चांगलं चालतं, असा माझा अनुभव आहे. एकट्याने फारसं टिकत नाही. सगळ्यांना सारखी समाधी लागत नाही हेही खरं. थोड्यांना अगदी खोल, थोड्यांना जवळजवळ नाहीच, बाकी आपण बहुतेक मधले. लागली नाही तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. बोलण्याचा उपचार तिच्यावाचून अडत नाही.

आणि कुठे नको? ज्यांना भास होतात, संशय बळावलेला आहे, उन्मादाचे झटके येतात, त्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. फिट येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. दडलेल्या आठवणी उकरायला संमोहन वापरू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. संमोहनात आठवलेली गोष्ट जास्त खरी नसते, फक्त जास्त खात्रीची वाटते, आणि हे फार धोकादायक आहे. एक आई माझ्याकडे आली होती, कुठल्याशा पूर्वजन्माच्या बैठकीनंतर. तिथे तिला 'दिसलं' होतं की मागच्या जन्मी तिच्याच मुलाने तिचा घात केला होता. नऊ वर्षांचं पोर ते. ती त्याला जवळ घेऊ शकत नव्हती. ज्याने ते दाखवलं तो फी घेऊन मोकळा झाला. ती आणि ते मूल पुन्हा एका ताटात जेवायला लागेपर्यंत सात महिने गेले. मला आजही त्याचा राग येतो.

म्हणून माणूस निवडताना संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारा. संमोहनासाठी वेगळा सरकारी परवाना नाही. शनिवार-रविवारचा कोर्स करूनही पाटी लावता येते. तेव्हा संमोहन येतं का, यापेक्षा संमोहनाशिवाय हा माणूस माझा त्रास हाताळू शकेल का, हे बघा. पहिल्या भेटीत तो तुम्हाला किती विचारतो आणि स्वतःबद्दल किती सांगतो, यावरूनच बरंचसं कळतं. फी, वेळ, साधारण किती बैठका, हे आधीच विचारून घ्या. तुमच्यासारख्या त्रासाला मी सहा ते बारा बैठका धरते. खोलीतलं बाहेर जाणार नाही हा तुमचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो लिहिलेला आहे. जीवाला धोका असेल तेव्हासारखे मोजके अपवाद सोडून.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि ताई, एक सरळ विचारते. या दोन वर्षांत कधी जगणंच नको वाटलं असेल, तसे विचार आता येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आज त्या नंबरवर फोन करा आणि घरात एका माणसाला सांगा. औषध सुचवलं तर घाबरू नका. माझ्या अनेक पेशंटना गोळ्यांनी झोप लागायला लागली तेव्हाच बोलायची ताकद आली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर दोन दिवस जास्त जड वाटतं. पुष्कळ जण तिथेच सोडतात, 'उगाच खपली काढली' म्हणतात. तसं वाटलं तर न जाण्याऐवजी जाऊन तेच सांगा. वर्ष उलटलं तरी दुःख रोजच्या जगण्याला आडवं येत असेल, तर वैद्यकशास्त्र आता त्याला उपचाराची गरज असलेली अवस्था मानतं, तेव्हा हे तुमचं नाटक नाही की दुबळेपणा नाही. मिस्टरांना एका बैठकीला सोबत न्या. त्यांनाही सासरे गेल्याचं काही असेल, ते कोणी विचारलं नसेल.

तोवर पहाटेसाठी एवढं करा. जाग आली की घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात बसून काहीतरी साधं करा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, डोळे जड झाले की परत या. श्वास घेताना चार मोजा, सोडताना सहा. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारनंतर चहा नको.

आणि पहिल्या भेटीला जाल तेव्हा दोन गोष्टी न विसरता सांगा, ज्या तुम्ही मला लिहिलेल्या नाहीत. ते तीन कॉल किती वाजता आले होते. आणि आता रात्री झोपताना तुमचा फोन कुठे असतो, त्याचा आवाज किती असतो.